आठ महिन्यांनंतर: पीएच मीटर बरा, टोपण नालायक

घरी बिअर करणाऱ्यांना पीएच (आंबटपणा) मोजणारा मीटर कशाला लागतो ते सांगायला नको, म्हणून थेट टोपणावर येतो. पेनासारखा मीटर, चौदाशेचा. टोपण कधी घट्ट बसतच नाही. आतलं द्रावण पाझरतं, प्रोब (मोजणारं टोक) वाळतो आणि ऐन मॅशच्या वेळी (गरम पाण्यात मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भिजवताना) आकडा ५.१, ५.९, परत ५.३ असा नाचत सुटतो.

घेतला तो निपाणीच्या बोअरमुळं. टिळकवाडीत आमच्या परड्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, त्यावर दोन वर्षं निभावलं. मेमध्ये विहीर आटली, मेव्हण्याकडनं तीन कॅन बोअरचं आणलं आणि बिअर झाली उकळून ठेवलेल्या चहासारखी तुरट. टीडीएस मीटर होता, पण तो विरघळलेल्याची बेरीज सांगतो. त्यात पीएच वर नेणारं बायकार्बोनेट किती, ते नाही. स्पार्जचं, म्हणजे मॅशनंतर मॉल्ट धुवायचं पाणी पीएच ६ च्या वर राहिलं की मॉल्टच्या फोलपटाचा तुरटपणा उतरतो. आता १२ लिटर बोअरच्या पाण्याला ८८ टक्क्यांचं लॅक्टिक ॲसिड साधारण ४ मिली लागतं, तेही मोजत मोजत.

एटीसी (तापमानानुसार आपोआप दुरुस्ती) आहे म्हणून गरम मॅशमध्ये बुडवू नका. तो प्रोबचं गणित सुधारतो, मॅशचं नाही. ६५ अंशांना पीएच खरोखरच ०.३ च्या आसपास कमी असतो. मी वाटीभर काढून गार करतो. (बायकोला वाटतं आंबील चाखतोय.)

सहाव्या महिन्यात आकडा ७ वरच अडकला. विक्रेता म्हणाला, "वॉरंटी मीटरला आहे सर, प्रोबला नाही. नवीनच घ्या की." म्हणजे गाडीची हमी, बैलाची नाही! फोनवर चांगलाच वाजलो.

इथवर लिहून ठेवलं होतं. मग साखर कारखान्याच्या लॅबमधला मित्र आला. टोपणात काय घालतोस, विचारलं. स्वच्छ म्हणून आरओचं पाणी, म्हटलं. "मारलास की रे त्याला!" त्यानं पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणाची बाटली दिली. रात्रभर बुडवला, सकाळी ४ आणि ७ दोन्ही बफरला (ठरावीक पीएचच्या तपासणीच्या द्रावणांना) बरोबर बसला. रविवारचा मॅश ५.४, एका जागी ठाम.

तर चूक माझीच, विक्रेत्याला चार शब्द जास्तच बोललो. पण टोपण गळतंच. नळाला लावतात ती पांढरी टेप दोन वेढे गुंडाळलीय. चौदाशेच्या वस्तूला वीस रुपयांची टेप!