नॉबवर चालणाऱ्या ऑसिलेटरला व्होल्टेज कंट्रोल: व्हॅक्ट्रोल, ट्रान्झिस्टर की ३३४०?

घरी मॉड्युलर सिंथ, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, बांधायला घेतलेल्या अनेकांचा पहिला ऑसिलेटर, म्हणजे आवाजाची लहर तयार करणारं सर्किट, ४०१०६ या चिपवर वाजतो. एक श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर (चिपमधलं सिग्नल उलटवणारं गेट), एक कपॅसिटर, एक पॉट (नॉबनं बदलणारा रोध), की झाला चौकोनी लहरीचा खणखणीत आवाज सुरू. दोन दिवस पॉट फिरवण्यात जातात आणि तिसऱ्या दिवशी वाटतं, हे काम हाताऐवजी सीक्वेन्सरनं, म्हणजे ठरलेली व्होल्टेज ओळीनं देणाऱ्या मॉड्युलनं करावं. इथून तीन वाटा फुटतात. कुठली धरायची हे ठरवण्याआधी स्वतःला एकच विचारा: येणारं व्होल्टेज सूर सांगणार आहे, की नुसती हालचाल?

हालचालच हवी असेल, म्हणजे एलएफओनं (संथ लहर देणाऱ्या ऑसिलेटरनं) आवाज डोलवायचा असेल किंवा एन्व्हलपनं (एकदा चढून उतरणाऱ्या व्होल्टेजनं) वर-खाली न्यायचा असेल, तर व्हॅक्ट्रोल. एलईडी आणि एलडीआर (उजेडानं बदलणारा रोध) समोरासमोर ठेवून काळ्या हीट-श्रिंक नळीत बंद करायचे आणि एलडीआर पॉटला समांतर जोडायचा. उजेड वाढला की रोध घटतो, कपॅसिटर भराभर भरतो-रिकामा होतो आणि आवाज चढतो. मूळ सर्किटमधलं काहीच काढावं लागत नाही. एलडीआरला एकसर ४.७ किलोओहम लावा, नाहीतर पूर्ण उजेडात आवाज कानाच्या पलीकडे निघून जातो. सीव्ही, म्हणजे नियंत्रणासाठी येणारं व्होल्टेज, थेट एलईडीला देऊ नका. एलईडी काही मिलिअँपिअर ओढतो आणि समोरच्या मॉड्युलचं व्होल्टेज बसतं, म्हणून मध्ये टीएल०७२ या ऑपअँप चिपचा बफर हवा, तो समोरच्या मॉड्युलवर भार पडू देत नाही. एलएफओ उणे व्होल्टेजमध्येही जातो. एलईडीला उलटा १एन४१४८ डायोड समांतर लावला की तो सुरक्षित राहतो.

याच्या मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. लाल एलईडी साधारण पावणेदोन व्होल्टपर्यंत पेटतच नाही, त्यामुळे खालचं सगळं व्होल्टेज वाया जातं. दोन एलडीआर कधी सारखे निघत नाहीत. आणि उजेड गेल्यावर एलडीआर लगेच सावरत नाही, त्याचा रोध हळूहळू परत चढतो. पण नेमकी हीच गोष्ट मला मोलाची वाटते. सीक्वेन्सरच्या पायऱ्या त्यातून मींडेसारख्या घसरत उतरतात, आणि उतरताना चढण्यापेक्षा जास्त वेळ घेतात. हा डौल दुसऱ्या कुठल्याही सर्किटमध्ये मला इतक्या स्वस्तात मिळालेला नाही.

५५५ या टायमर चिपच्या पाचव्या पायाला व्होल्टेज देण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. तो चालतो, पण उलटा: व्होल्टेज वाढवलं की आवाज उतरतो, आणि सुरांचा हिशेब तिथेही जुळत नाही.

सूर हवे असतील तर गणित बदलतं. बॉब मूग यांच्या १९६० च्या दशकातल्या सिंथपासून रूढ झालेला नियम आहे, एक व्होल्टला एक सप्तक. १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत आलेला मूगही याच हिशेबानं चालायचा. प्रत्येक व्होल्टला कंपनसंख्या दुप्पट व्हायला हवी आणि ट्रान्झिस्टर ते जात्याच करतो: बेस आणि एमिटरमधलं व्होल्टेज १८ मिलिव्होल्टनं वाढलं की कलेक्टरचा करंट दुप्पट होतो. म्हणून ४०१०६ मधला पॉट काढायचा, इन्व्हर्टरच्या आउटपुटनं डायोडमधून कपॅसिटर झटक्यात भरायचा आणि ट्रान्झिस्टरकरवी तो रिकामा करायचा. मात्र आता आउटपुटवर चौकोनी लहर उरत नाही, बारीक टोकदार पल्स मिळतात. खरा आवाज कपॅसिटरवरच्या करवतीच्या लहरीत असतो आणि तो बफर लावूनच बाहेर काढावा लागतो.

खरी डोकेदुखी तापमानाची. एकटा ट्रान्झिस्टर वापरलात तर एका अंशाच्या फरकानं सूर सव्वा सेमीटोनच्या (सेमीटोन म्हणजे सप्तकाचा बारावा भाग) आसपास सरकतो. सकाळी तानपुऱ्याशी लावलेला सा खोली तापली की कुठल्या कुठे गेलेला असतो. दोन जुळे ट्रान्झिस्टर एकमेकांना चिकटवून बसवले की यातला मोठा भाग कटतो. मल्टीमीटरवर डझनभर बीसी५४७ मोजून जोडी लावता येते. मोजताना ट्रान्झिस्टर बोटांत धरू नका, बोटाच्या उबेनं आकडा बदलतो. तरीही अंशाला ०.३३ टक्के चूक उरतेच. दहा अंश चढले की तीन सप्तकांच्या अंतरावर एका सेमीटोनहून जास्त फरक पडतो. त्यावर उपाय म्हणजे तापमानाबरोबर अंशाला ३३०० पीपीएमनं, म्हणजे ०.३३ टक्क्यानं वाढणारा खास रोध, तोही त्या जोडीला टेकवून बसवलेला. जोडी, ऑपअँप, खास रोध आणि ट्रिमरवर (सूर जुळवायच्या छोट्या पॉटवर) खर्ची पडलेली एक संध्याकाळ, एवढं सगळं झालं की ही वाट पूर्ण होते.

तिसरी वाट म्हणजे ४०१०६ बाजूला ठेवून ३३४० वर जाणं. डग कर्टिस यांची ही तयार ऑसिलेटर चिप प्रॉफेट-५ या सिंथच्या तिसऱ्या आवृत्तीत होती, रोलँडच्या एसएच-१०१ मध्येही होती. आज लॅटव्हियातल्या अल्फा या कंपनीची एएस३३४० मिळते. तापमानाची भरपाई चिपच्या आतच होते. त्रिकोणी, करवती आणि पल्स अशा तिन्ही लहरी मिळतात, पल्सची रुंदीसुद्धा व्होल्टेजनं बदलता येते. बाहेर एक टक्का अचूकतेचे मेटल फिल्म रोध आणि तापमानाला न बधणारा कपॅसिटर लावा. उणे १२ व्होल्ट तिसऱ्या पायाला रोधाशिवाय देऊ नका, चिप जाईल. हे मात्र मॉडिफिकेशन राहत नाही, नवा बोर्ड होतो, आणि एका ३३४० च्या किमतीत मूठभर ४०१०६ येतात. ४०१०६, बीसी५४७, एलडीआर मला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काउंटरवर मिळाले. एएस३३४० आणि तो खास रोध ऑनलाइन मागवावा लागला.

कीबोर्डवरून वाजवायचं असेल, इतर वाद्यांबरोबर बसायचं असेल, तर सरळ ३३४० घ्या. ट्रान्झिस्टरची वाट ऑसिलेटर आतून कसा चालतो हे शिकायचं असेल त्यानंच धरावी. ती मी दोनदा धरली आणि पुन्हा धरीन, पण घाईत असलेल्याला सांगणार नाही. भरपाई न लावता ती अर्धवट सोडणं मात्र सगळ्यात वाईट, त्यात ना सूर मिळतो ना व्हॅक्ट्रोलचा डौल. बाकी सगळ्यांसाठी व्हॅक्ट्रोल. ४०१०६ मध्ये सहा इन्व्हर्टर असतात, त्यांतला एखादा रिकामा असेलच. त्यावर आधी करून पाहा. न वापरलेले इनपुट ग्राउंडला जोडा, सप्लायच्या पायांजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा, आणि चिपला १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्येच ठेवा. उणे १२ ते अधिक १२ असे २४ व्होल्ट तिला सोसत नाहीत.