‘द के’ : आठ महिन्यांच्या वाचनानंतर

थिओडोर टेलर यांची १९६९ सालची ‘द के’ ही इंग्रजी किशोरकादंबरी लातूर जिल्ह्यातील आमच्या शाळेत सातवीच्या मुलांना मी जुलैपासून दर शनिवारी तोंडी मराठी करत वाचून दाखवली.

१९४२ मध्ये कॅरिबियन समुद्रात जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात जहाज बुडते आणि अकरा वर्षांचा गोरा फिलिप, टिमथी हा वृद्ध कृष्णवर्णीय खलाशी व एक मांजर तराफ्यावर उरतात. डोक्याला मार लागल्याने फिलिपची दृष्टी जाते. काळ्या माणसांविषयीचा दुरावा मात्र आईकडून आलेला, तो शाबूत असतो. टिमथी पाणी मोजून देतो तो प्रसंग मला समजावून सांगावा लागला नाही, कारण टँकर आला की घागरी घेऊन धावणारीच ही मुले आहेत.

तराफा ज्या छोट्या बेटाला (इंग्रजीत ‘के’) लागतो, तिथे टिमथी वेलींचा दोर वळून झोपडीपासून किनाऱ्यापर्यंत बांधतो. आम्हीही कडुनिंबापासून हापशापर्यंत सुतळी बांधली आणि मुले डोळ्यांना रुमाल बांधून चालली. एक मुलगा मधल्या गाठीपाशी थांबून ती बराच वेळ चाचपत राहिला. फिलिपचा तिरस्कार उपदेशाने नव्हे, तर अशा हाताच्या कामांतून, चटई विणताना झालेल्या भांडणातून गळत जातो, हेच या पुस्तकाचे मला सर्वाधिक भावलेले बळ आहे.

उणीवही आहे. टिमथीचे स्वतःचे आयुष्य फार थोडे कळते आणि वादळात तो मुलाला स्वतःच्या देहाआड वाचवून मरतो. कादंबरीला १९७० मध्ये बालसाहित्यासाठीचा जेन अ‍ॅडम्स पुरस्कार मिळाला. पुढे कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर टीका झाली आणि लेखकाने तो परत केला. ती टीका मला पूर्णपणे गैरलागू वाटत नाही. “त्याच्या घरी कोण रडलं?” असे एका मुलीने विचारले, तेव्हा पुस्तकात मला उत्तर सापडले नाही.

माझी स्वतःची चूक मात्र फार उशिरा ध्यानात आली. मूळ पुस्तकात टिमथीची बोली वेगळी आहे, म्हणून मी फिलिपला प्रमाण मराठी दिली आणि टिमथीला आपल्याकडची बोली. त्याने तोंड उघडले की वर्ग हसायचा. एका शनिवारी ऊसतोड कुटुंबातला एक मुलगा हळूच म्हणाला, “सर, माझा आजा असाच बोलतो.” येत्या जुलैत नव्या सातवीसमोर हीच गोष्ट वाचताना फिलिपही त्या आजाच्याच बोलीत बोलेल.