निलंबनाचे कागद तपासणारं चिपळूणचं सल्ला केंद्र: नियमांत पक्कं, भेदभावात कच्चं

लोटे-परशुराम पट्ट्यातल्या कामगारांचे निलंबनाचे कागद इथे तपासून मिळतात. पहिली तपासणी फुकट, उत्तराचा मसुदा ५०० रुपयांत. तेवढ्या पैशात काम चोख आहे.

निर्वाह भत्त्याचा, म्हणजे निलंबनाच्या काळात पगाराऐवजी मिळणाऱ्या रकमेचा, हिशेब तर अगदी नेटका: पहिले ९० दिवस ५० टक्के, पुढे उशीर कामगारामुळे नसेल तर ७५ टक्के. नुसत्या बेसिकवर हिशेब करून महागाई भत्ता गाळला असेल तर लगेच पकडतात. भत्ता न देताच चौकशी उरकली असेल, तर अशी चौकशी टिकत नाही असं सांगणारा, पॉल अँथनी खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९९९चा निकाल जोडून देतात. दोषारोपपत्रात तारीख-वेळ नाही, उलटतपासणी करू दिली नाही, हेही नजरेतून सुटत नाही.

घोडं पेंड खातं ते भेदभावापाशी. गावातला कामगार उशिरा आला की तोंडी समज, आणि त्याच पाळीतला नेपाळी किंवा आसामी मुलगा आला की थेट निलंबन. अशा प्रकरणात केंद्राचा मसुदा ‘माझ्यावर अन्याय झाला आहे’ एवढ्यावर आटोपतो. त्याने काय सिद्ध होणार? लागतो तो तक्ता: त्याच खात्यात गेल्या दोन-तीन वर्षांत तीच चूक कोणी केली, त्याला आधी किती नोटिसा होत्या, शिक्षा काय झाली आणि सही कोणाची. मस्टर आणि शिक्षेचे आदेश चौकशीतच लेखी मागायचे; नकार आला तर तोही चौकशीच्या नोंदीत घालून घ्यायचा. दोघांचं आधीचं रेकॉर्ड सारखं नसेल तर तुलना टिकत नाही, आणि व्यवस्थापनाचा वकील पहिला घाव तिथेच घालतो.

महाराष्ट्राच्या १९७१च्या अनुचित कामगार प्रथा कायद्यात, अनुसूची ४ची बाब ५ नेमकी याचसाठी आहे: गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं. केंद्र मात्र सगळं बाब १मध्ये कोंबतं. ती बाब कामावरून काढण्याची, तिची तक्रार कामगार न्यायालयात जाते. बाब ५ची औद्योगिक न्यायालयात. मुदत दोन्हींना ९० दिवसांची. बडतर्फीची वाट बघत बसलं की निलंबनातल्या भेदभावाची तक्रार मुदतीबाहेर जाते आणि उशिराची कारणं पटवत बसावं लागतं.

नेपाळी आणि परप्रांतीय मुलं बहुतेक ठेकेदाराकडची. कंपनीने ‘हा आमचा कामगारच नाही’ म्हटलं, तर सिप्ला खटल्याच्या २००१च्या निकालानुसार या कायद्याखालच्या तक्रारीआधी मालक-कामगार नातं दुसऱ्या न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावं लागतं. हे केंद्राने पैसे घेण्याआधी सांगायला हवं, सांगत नाहीत.

केंद्रात नेपाळी जाणणारं कोणी नाही, तेव्हा दुभाषा सोबत न्या. मराठी दोषारोपपत्रावर ‘समजलं’ असं लिहून सही करू नका; ‘मिळालं’ एवढंच लिहा, आणि भाषांतराचा अर्ज चौकशीच्या पहिल्याच तारखेला देऊन पोच घ्या.