जुन्या रॅले सायकलला नवा फोर्क : आठ महिने चालवून झाल्यावर

फोर्क (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग) बसवून आठ महिने झाले, हजार-अकराशे किलोमीटर सहज झाले असतील (मीटर नाहीये, कोथरूड ते टिळक रोड जाऊन-येऊन असा हिशोब धरलाय), तर म्हटलं आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं आणि पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या.

सायकल आजोबांची. २४ इंची फ्रेम, २८ x १½ ची चाकं, दांड्यांचे ब्रेक, पुढे बगळ्याचा बिल्ला आणि त्यावर नॉटिंगहॅम इंग्लंड. म्हणजे आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्याची नाही, तिकडून आलेली. किती सालची ते घरात कुणालाच धड माहीत नव्हतं, बाबा म्हणायचे माझ्या जन्माआधीची, आत्या म्हणायची छे रे नंतरची. मागच्या हबवरचा (चाकाच्या मधल्या तुंब्यावरचा) चिखल डिझेलने पुसला तर स्टर्मी आर्चर एडब्ल्यू (हबची कंपनी आणि मॉडेल) आणि शेजारी ५२ आणि ७ असे आकडे निघाले. हे लोक हबवर वर्ष आणि महिना ठोकायचे, म्हणजे हब जुलै १९५२ चा. आत्या अजून मानत नाही, म्हणते हब जुना बसवला असेल. असो.

बाबांनी कॉलेजात असताना ही रिक्षावर घातली होती आणि तेव्हाच्या मेकॅनिकने फोर्क ठोकून सरळ केला होता. तसाच तीस-चाळीस वर्षं जिन्याखाली पडून. मी पहिल्यांदा चाक लावलं तेव्हा रिम एका बाजूला घासत होती, वाटलं चाकाचा आऊट (चाकच वाकडं) असेल. मग चाक काढून उलटं करून लावलं, डावी बाजू उजवीकडे. हे ज्याला माहीत नाही त्याने नक्की करून बघा, फुकटची टेस्ट आहे : चाक उलटवल्यावर घासायची बाजू बदलली तर दोष चाकात, आणि तीच बाजू घासत राहिली तर फोर्क वाकडा. माझी तीच बाजू घासत होती. क्राउनच्या, म्हणजे फोर्कचे दोन पाय जुळतात त्या सांध्याच्या, खालचा रंग ब्लेडने खरवडला तर आत केसाएवढी रेघ. नख फिरवलं की अडकत होतं. एक-दोघांनी सांगितलं की ब्रेझिंग (पितळेचं डाखकाम) मारून घे, ओरिजिनल ठेव. ओरिजिनलचं प्रेम मलाही आहे पण दातही ओरिजिनल आहेत. फोर्क तुटतो तेव्हा आधी कळवून तुटत नाही, सरळ तोंडावर पडतो माणूस.

ठोकर लागलेली सायकल असेल तर फोर्कवर पैसे घालायच्या आधी फ्रेम पण बघा, हेडच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) मागे वरच्या दांडीच्या आणि खालच्या नळीच्या पोटाखालून बोट फिरवायचं, सुरकुती किंवा फुगवटा लागला तर फ्रेमने पण मार खाल्लाय. माझी सुदैवाने वाचली होती.

आता मुख्य लफडं. पेठेतल्या एका दुकानातून साध्या काळ्या रोडस्टरचा नवा चिमटा आणला (आपल्याकडे मेकॅनिक फोर्कला चिमटाच म्हणतो), साडेचारशेला. दुकानदार म्हणाला सगळ्याला हाच बसतो. बसवायला दिला एका मेकॅनिककडे, त्याने जुनी बॉल रेसिंग (हँडल ज्यावर फिरतं त्या वाट्या, रेस आणि छर्रे) चांगली आहे म्हणून तीच वापरायला घेतली, वरची आट्यांची रेस दीड-दोन वेढे छान फिरली आणि मग जाम. त्याने काय करावं, मोठा पाना घेतला. मी चहा घेऊन परत येईपर्यंत अजून दोन वेढे गेले होते आणि खाली चांदीसारखा चुरा पडला होता. म्हणाला टाइट बसलं ना मग कशाला काळजी. मी काही न बोलता सायकल उचलून घरी आणली.

झालं होतं असं की रॅलेचं स्वतःचं वेगळंच घोडं. एक इंची नळीवर बाकी बहुतेक दुनिया इंचाला २४ आटे देते आणि नॉटिंगहॅमवाले २६ द्यायचे. व्यास तोच, डोळ्याला फरक दिसत नाही, एक-दोन वेढे जातात पण, आणि मग दोन्हीकडचे आटे एकमेकांना खायला लागतात. मोजायला गेज नसेल तर साधा उपाय, आट्यांवर पातळ कागद गुंडाळायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची, रेघा उमटतात. त्यावर पट्टी ठेवून अर्ध्या इंचातल्या रेघा मोजायच्या, १२ आल्या तर २४ आणि १३ आल्या तर २६. जुन्या फोर्कवर मला १३ मिळाल्या, नव्यावर १२. दोनदा मोजलं, कारण विश्वास बसेना. सगळे नवे चिमटे २४ चेच असतात असं माझं म्हणणं नाही, माझा होता, तुम्ही तुमचा मोजूनच घ्या.

डाय मारून २४ वर २६ चे आटे पाडून देतो असं एका लेथवाल्याने सांगितलं होतं. नको. जुन्या आट्यांवर नवे पाडले की दोन्हीचे शेंडे उडतात आणि धरायला काही उरत नाही. त्यापेक्षा आट्यांचा सगळा माल, म्हणजे वरची रेस आणि चेकनट (तिच्यावर कसायचा नट), नव्या फोर्कला बसतो तो घ्यायचा आणि फ्रेममध्ये ठोकलेल्या जुन्या वाट्या तशाच ठेवायच्या. पहिल्या फोर्कचे आटे त्या पान्याने गेलेच होते म्हणून दुसरा आणला, यावेळी त्याची बॉल रेसिंग सोबत घेऊन. आणि दुकानात उभं राहून हाताने वरची रेस शेवटपर्यंत फिरवून बघितली, दुकानदार वैतागला, वैतागू दे.

नवी रेस आणि जुनी वाटी जमते का हे कसं बघायचं? मी वाटीला आतून पोरीच्या मार्करने निळा रंग लावला, ५/३२ इंची छर्रे ग्रीससकट टाकले (काठोकाठ नाही भरायचे, एका छर्‍याची जागा रिकामी सोडायची), फोर्क चढवून दहा-पंधरा वेळा हँडल फिरवलं आणि परत उघडलं. निळ्यात गोल सलग पट्टा पुसला गेला होता, मधोमध. तो पट्टा काठावर किंवा तुटक आला असता तर वाट्या पण बदलाव्या लागल्या असत्या.

लांबीचं थोडक्यात. २२ च्या फ्रेमचा फोर्क २४ ला चालत नाही, फोर्कची वरची नळी आखूड पडते. मोजताना हेड नळी, दोन्हीकडची बॉल रेसिंग, चेकनट आणि मधला लाइटचा ब्रॅकेट, हे सगळं धरायचं. ब्रॅकेट मी विसरलो होतो, पण नळी जरा लांबच निघाली म्हणून निभावलं, वर एक जाड वायसर टाकला.

आता चालवण्याचं. पहिल्या पंधरा दिवसांत हेड दोनदा ढिलं झालं. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली की हाताला टक् लागायचं. घाबरू नका, नव्या रेस जागेवर बसेपर्यंत असं होतं, फक्त तसंच चालवत राहू नका नाहीतर छर्रे वाटीत खड्डे पाडतात आणि मग हँडल मधोमध अडकल्यासारखं होतं. दुसऱ्यांदा कसल्यावर आजतागायत परत ढिलं झालेलं नाही.

हँडल मात्र जुन्यापेक्षा जड आहे हे खरं. मित्राच्या रॅलेच्या फोर्कशी लावून बघितला तर माझ्या नव्याचा पुढचा बाक साधारण सेंटीमीटरभर कमी निघाला. या रोडस्टरची हेड नळी बरीच झोपलेली असते म्हणून मूळ फोर्कला बाक भरपूर दिलेला असतो, तो कमी झाला की टायर जमिनीला टेकतो ती जागा हँडलच्या रेषेपासून अजून मागे जाते आणि चाक सरळच जायला बघतं. कर्वे रोडला हात सोडून चालवा, मस्त. पण पेठेतल्या गर्दीत हळू वळवताना चाक एका बाजूला पडायला बघतं, महिनाभराने सवय झाली. बायकोला अजून आवडत नाही.

पावसात दोन गोष्टी झाल्या. खालची वाटी चाकाच्या फवाऱ्याखालीच येते, ऑक्टोबरात उघडली तर ग्रीसचं पांढरं लोणी झालेलं. आता दर पावसाळ्यानंतर उघडायची ठरवलंय, आणि नळीत आतून तेल सोडलं. दुसरं म्हणजे ब्रेकच्या दांडीला धरणाऱ्या क्लिपा. नव्या फोर्कचे पाय किंचित बारीक आहेत, क्लिप ओल्यात घसरून खाली आली आणि ब्रेकचा घोडा (रबरं धरणारी कमान) तिरका झाला, अलका चौकात एकच रबर रिमला लागत होतं. जुन्या ट्यूबची पट्टी खाली घालून कसली, ठीक आहे आता. तशीही ओल्या स्टीलच्या रिमवर हे ब्रेक म्हणजे देवाची मर्जी.

फोर्कचा रंग भिकार. डिसेंबरपर्यंत टोकांना गंज. आणि रॅलेच्या मूळ क्राउनच्या दोन बाजूंना त्या चकचकीत टोप्या असतात ना, त्या याला नाहीत, बाकी सायकल राणी आणि पुढून चपट्या नाकाची. म्युझियमला ठेवायची असेल तर हा फोर्क लावू नका, २६ आट्यांचा जुना शोधा. मी जुन्या बाजारात चार रविवार घालवले, एक मिळाला, तो पण ठोकून सरळ केलेला, ठेवून आलो. रोज चालवायची असेल तर साडेचारशेत (माझ्यासारखे दोन घेतलेत तर नऊशेत) दुसरं काही मिळत नाही.

जुना फोर्क टाकला नाहीये. बाबांनी तो गॅलरीत खिळ्याला अडकवलाय आणि येणाऱ्या प्रत्येकाला रिक्षाची गोष्ट सांगतात, त्यात रिक्षा दर वेळी थोडी मोठी होते.