आयबीएम एक्झिक्युटिव्ह टाइपरायटर: सोलापुरातील आठ महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्यातील एका दुपारी, जेमतेम वीस मिनिटे टंकलेखन झाले असताना, माझ्या एक्झिक्युटिव्हच्या पोटातून तापलेल्या व्हार्निशचा वास येऊ लागला आणि मी धावत जाऊन प्लग काढला. मोटरवरच्या झाकणाला बोट लावणे अशक्य होते. ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेतून परतलेल्या एका डॉक्टरांच्या घरातून हे यंत्र मी साडेचार हजार रुपयांना घेतले होते आणि वास येईपर्यंत त्यावर जवळपास तेवढाच खर्च आणखी केला होता. त्यामुळे त्या दिवशी मोटरपेक्षा पैशांचीच काळजी मला अधिक वाटली, हे मान्य करतो.

यंत्राची ओळख फार करून देत नाही. आयबीएमने 1933 मध्ये इलेक्ट्रोमॅटिक ही कंपनी घेऊन विजेच्या टाइपरायटरचा व्यवसाय सुरू केला आणि 1944 मध्ये एक्झिक्युटिव्ह बाजारात आणला, एवढे पुरेसे आहे. आत एक रबरी रोलर सतत फिरत असतो. कळ दाबली की तिचा कॅम, म्हणजे फिरणारा छोटा तुकडा, त्या रोलरला जाऊन भिडतो, रोलर त्याला ओढतो आणि अक्षराची दांडी कागदावर आपटते. बोटाला काम जवळजवळ उरतच नाही.

एप्रिलमधील माझ्या टिपणात मी या रबरी रोलरलाच दोषी ठरवले होते. अक्षरे फिकी उमटत होती, छापाचा जोर वाढवणारी खूण शेवटपर्यंत नेली तरी फरक पडत नव्हता आणि रबर काचेसारखे चकचकीत झालेले होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांच्या रोलरवर रबर चढवणाऱ्या कारागिराकडून मी तो नव्याने करून घेतला. त्याने काम चोख केले, परंतु छाप सुधारला तो थोडाच. रोलरबद्दलचे ते विधान मी आज मागे घेतो.

खरे कारण पूर्व भागात मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या अण्णांनी सांगितले. यंत्रामागची पट्टी त्यांनी एकदाच वाचली आणि म्हणाले, ‘‘साहेब, व्होल्ट जुळवलेत, सायकल कुठं जुळवली?’’ सायकल म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने. पट्टीवर 115 व्होल्टबरोबर 60 सायकल असेही लिहिलेले होते, आणि आपली वीज 50 सायकलची आहे. मी आठ महिने व्होल्टचाच विचार करत, ते ट्रान्सफॉर्मरने उतरवत बसलो होतो. माझ्या यंत्रातील मोटर इंडक्शनची असल्यामुळे तिचा वेग सायकलवर ठरतो. 60 ऐवजी 50 मिळाल्या की वेग एक षष्ठांशाने घटतो, रोलर मंद फिरतो आणि अक्षराची दांडी कागदावर हळू आपटते. याहून वाईट म्हणजे कमी सायकलीवर विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, तेवढाच दिला की मोटरची तारेची गुंडाळी जास्त प्रवाह खेचते आणि तापते. म्हणून दाबही त्याच प्रमाणात उतरवावा लागतो: 115 गुणिले 50 भागिले 60, म्हणजे सुमारे 96 व्होल्ट.

येथे ट्रान्सफॉर्मरचा विषय येतो, आणि त्याविषयी माझा राग अजून गेलेला नाही. नवी पेठेतील एका दुकानातून 1,900 रुपयांना घेतलेल्या ट्रान्सफॉर्मरवर 110 व्होल्ट लिहिले होते. मीटर लावला तेव्हा 124 दिसले. सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की आमच्या गल्लीत दाब वाढतो, आणि मग हा आकडाही वर जाई. तीन हेलपाटे घातले, पावती दाखवली, मीटर दुकानात नेऊन दाखवला. विकलेला माल परत घेत नाही, एवढेच उत्तर मिळाले. 110 अचूक मिळाले असते तरी ते माझ्या मोटरला जास्तच ठरले असते, हे आता मला कळते. पण ज्या वस्तूवर 110 लिहिले आहे तिने 110 द्यावेत, ही अपेक्षा मी सोडणार नाही. शेवटी अण्णांनीच 400 रुपयांत त्या ट्रान्सफॉर्मरला 96 व्होल्टचा वेगळा टॅप, म्हणजे गुंडाळीतून काढलेले जोडणीचे टोक, काढून दिला.

वेगासाठी एका लेथवाल्याकडून मोटरवरच्या 25 मिलिमीटरच्या पुलीच्या जागी 30 मिलिमीटरची पुली बनवून घेतली आणि मोटर तिच्या खाचेत सरकवून बेल्ट पुन्हा ताणला. खर्च 350 रुपये. पहिल्याच ओळीत अक्षरे काळीभोर उमटली. छापाच्या जोराची खूण मला मधोमध आणावी लागली, कारण पूर्णविरामाने कागदाला भोक पडू लागले होते.

मी तीस वर्षे टॉवेल निर्यातीच्या कार्यालयात साध्या यंत्रावर इंग्रजी पत्रे टंकित केली. तेथे ‘आय’ला आणि ‘एम’ला सारखीच जागा मिळे. एक्झिक्युटिव्हवर प्रत्येक अक्षराची रुंदी एककांत, म्हणजे सरकण्याच्या छोट्या मापांत, मोजतात: ‘आय’ दोन एककांचा आणि ‘एम’ पाच एककांचा असतो, आणि स्पेसबारही दोन तुकड्यांत असतो: एक भाग दोन एकके पुढे नेतो, दुसरा तीन. पान छापखान्यातून आल्यासारखे दिसते. याची किंमत चूक दुरुस्त करताना मोजावी लागते, कारण मागे जाण्याची कळ एकेका एककाने सरकते आणि चुकलेले अक्षर किती एककांचे होते हे तोंडपाठ असावे लागते. ते मला आता बहुतेक पाठ झाले आहे, आणि साठी उलटल्यावर नवे काही पाठ होते याचा आनंद मोठा आहे.

फितीचा खर्च मात्र मला सलतो. माझ्या यंत्राची कार्बन फीत एकदाच वापरता येते. तिच्यावरचा थर कागदावर गेला की ती संपली. म्हणून मसुदा मी हाताने लिहितो आणि यंत्रावर केवळ शेवटची प्रत काढतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तीन पानी पत्र सलग पन्नास मिनिटे टंकित केले. मोटरच्या झाकणावर तळहात सहज ठेवता आला, आणि मीटरचा काटा 97 वर होता.