चॅट अकाउंटला बाहेरचं ॲप जोडायचंय: व्हॉट्सॲप, टेलिग्राम की डिस्कॉर्ड?

निरोप ठरल्या वेळी आपोआप जावेत, वर्गणीची आठवण निघावी, कोण येणार याची मोजणी व्हावी, अशा कामांसाठी चॅट अकाउंटला बाहेरचं ॲप जोडायची वेळ आज ना उद्या येतेच. आमच्या वाचनालयाच्या सभासदांचे निरोप मी सांभाळतो. दिवाळी अंकांच्या दिवसांत एकेका अंकासाठी रांग लागलेली असते आणि मुदतीची आठवण वेळेवर गेली नाही तर पुढच्याची पाळी चुकते. म्हणून या तिन्ही ठिकाणी ॲप जोडून पाहिली. जोडणं कुठेच अवघड नाही, त्यावर वेळ घालवत नाही. फरक पुढे दिसतो: जोडलेलं ॲप आपलं काय काय बघतंय हे कळतं का, आणि काढून टाकलं की ते खरोखर जातं का.

व्हॉट्सॲप आधी घेतो, कारण सभासद तिथेच आहेत. साध्या अकाउंटला बाहेरचं ॲप जोडायची अधिकृत सोय तिथे नाही. व्यवसायांसाठी वेगळा एपीआय, म्हणजे बाहेरचं सॉफ्टवेअर जोडण्याचा अधिकृत मार्ग, आहे, पण त्याला स्वतंत्र नोंदणी लागते, नमुना संदेश आधी मंजूर करून घ्यावे लागतात आणि पैसे मोजावे लागतात. लहान वाचनालयाला हे झेपणारं नाही. त्यामुळे बाजारातल्या बऱ्याच सेवा आडवाटेने येतात. त्या क्यूआर कोड दाखवतात, आपण फोनवरून तो स्कॅन करतो आणि सेवा आपल्या अकाउंटला लिंक्ड डिव्हाइस म्हणून जोडली जाते. फोनखेरीज अशी चार डिव्हायसेस जोडता येतात, त्यातली एक जागा तिची. अशा डिव्हाइसला थोडीशीच परवानगी देण्याची सोय नाही. घरच्यांशी झालेलं बोलणं, लॅबने पाठवलेले रिपोर्ट, सोसायटीतली भांडणं, सगळं तिच्यापुढे उघडं. एण्ड-टू-एण्ड एन्क्रिप्शनचा, म्हणजे मेसेज फक्त दोन्ही टोकांच्या माणसांनाच वाचता येण्याच्या सोयीचा, इथे आधार वाटायला नको, कारण त्यातलं एक टोक आता त्या सेवेच्या सर्व्हरवर आहे.

माझा निर्णय मात्र झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. मी जोडलेली सेवा कोणती ते सांगत नाही, पण तिने स्वतःची ओळख क्रोम अशी लावून घेतली होती. लिंक्ड डिव्हाइसचं नाव जोडणारं सॉफ्टवेअरच सांगत असतं, त्यामुळे हे करता येतं. परिणाम असा, की माझ्या यादीत दोन ओळी दिसत होत्या. दोन्ही क्रोमच्या, दोन्ही विंडोजच्या, खाली शेवटच्या वापराची वेळ. एक माझा लॅपटॉप आणि दुसरी ती सेवा. वेळेवरून ओळखावं तर दोन्ही नुकत्याच वापरलेल्या. शेवटी लॅपटॉप बंद ठेवला आणि संध्याकाळपर्यंत कुठल्या ओळीची वेळ पुढे सरकते ते बघत राहिलो, तेव्हा उलगडा झाला. त्याआधी त्या सेवेची वर्गणी मी थांबवली होती, तिच्या साइटवरचं खातंही डिलीट केलं होतं. खातं मिटल्याची मेलही आली होती. तरी ती ओळ जिवंतच होती, म्हणजे माझे मेसेज तिकडे जातच होते. फोन 14 दिवसांहून जास्त वापरला नाही तर लिंक्ड डिव्हायसेस आपोआप लॉग आउट होतात, पण फोन रोज हातात असणाऱ्याला त्याचा काय उपयोग? ब्राउझरमध्ये टाकायची एक्स्टेन्शन्स, म्हणजे छोटी जोड-सॉफ्टवेअर, तर त्याहून निसटती. ती व्हॉट्सॲप वेबच्याच पानात बसून काम करतात, त्यामुळे यादीत त्यांची वेगळी ओळच नसते. शिवाय अनधिकृत ॲप किंवा आपोआप मेसेज पाठवणारी साधनं वापरल्यास अकाउंट बंद होण्याची टांगती तलवार असतेच.

टेलिग्राममध्ये शिरायचे दोन रस्ते आहेत आणि ते सुरुवातीलाच वेगळे ठेवलेले आहेत. पहिला बॉटचा, 2015पासूनचा. बॉट हे माणसाऐवजी सॉफ्टवेअर चालवतं असं स्वतंत्र खातं असतं, तुमच्या खात्यात तो राहायला येत नाही. ग्रुपमध्ये घेतला तरी त्याचा प्रायव्हसी मोड मुळातच चालू असतो. त्याला उद्देशून दिलेल्या कमांड, त्याच्या मेसेजला दिलेली उत्तरं असं मोजकंच त्याला दिसतं, बाकीच्या गप्पा नाहीत. एक खाच आहे: त्याला ॲडमिन केलं की सगळं दिसायला लागतं. बरेच जण सवयीने बॉटला ॲडमिन करून टाकतात, ते टाळावं. आणि समोरच्याने आधी ‘स्टार्ट’ दाबल्याशिवाय बॉट त्याला खासगी मेसेज पाठवू शकत नाही. आमच्या ज्येष्ठ सभासदांना एकदा ते बटण दाबून दाखवावं लागलं, तेवढी खटपट आहे. पण त्यामुळे प्रत्येकाची संमती आपोआप घेतली जाते, आणि हे मला मनापासून आवडलं.

बॉटची किल्ली म्हणजे त्याचं टोकन. आमचं टोकन एका स्वयंसेवकाच्या कॉम्प्युटरवर होतं. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा बॉटफादरकडे, म्हणजे बॉट सांभाळण्यासाठीच्या टेलिग्रामच्याच बॉटकडे, जाऊन जुनं टोकन रद्द केलं आणि नवं घेतलं. जुनं तत्क्षणी निकामी. त्याच्याकडे काही मागायची, कॉम्प्युटर तपासायची गरज पडली नाही.

दुसरा रस्ता म्हणजे बाहेरच्या ॲपला तुमचा नंबर आणि लॉगिन कोड देऊन पूर्ण सेशन उघडून देणं, म्हणजे त्याला तुमच्या खात्यात लॉगिन करू देणं. इथे धोका व्हॉट्सॲपइतकाच आहे हे स्पष्ट सांगायला हवं, कारण सगळे क्लाउड चॅट, म्हणजे टेलिग्रामच्या सर्व्हरवर साठवलेले नेहमीचे चॅट, त्या सेशनला दिसतात. कुठलीही वेबसाइट हा कोड मागत असेल तर देऊ नये. तरीही काही झालंच तर ‘डिव्हायसेस’मध्ये प्रत्येक सेशनपुढे ॲपचं नाव, आवृत्ती, आयपी पत्ता आणि अंदाजे ठिकाण असतं. ॲपचं नाव डेव्हलपरने टेलिग्रामकडे केलेल्या नोंदणीतून येतं. डिव्हाइसचं नाव कुणी काहीही लावून घेतलं तरी परक्या देशातला आयपी पत्ता लगेच डोळ्यांत भरतो. नव्याने शिरलेल्या सेशनला पहिले 24 तास इतर सेशन्स बाहेरही काढता येत नाहीत, त्यामुळे आपल्याला हात-पाय हलवायला अवधी मिळतो. न वापरलेली सेशन्स किती काळाने बंद व्हावीत हे ठरवता येतं. मी सर्वांत कमी, म्हणजे 1 आठवडा ठेवलाय. टेलिग्रामच्या लॉगिनने ज्या वेबसाइट्सवर शिरलात त्यांची यादी वेगळी असते, तीही अधूनमधून उघडावी.

डिस्कॉर्डबद्दल थोडक्यात, कारण आमच्या वाचकवर्गात ते वापरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. परवानगीचं पान तिघांत सर्वांत स्वच्छ त्यांचंच, हे मान्य केलं पाहिजे. ॲपला काय करता येईल याच्या जोडीला, ते तुमचे मेसेज वाचू शकणार नाही, तुमच्या नावाने पाठवू शकणार नाही, हेही तिथे लिहिलेलं असतं. ‘तुमच्या वतीने सर्व्हरमध्ये सामील होणे’ अशी परवानगी कुणी मागितली (डिस्कॉर्डवर सर्व्हर म्हणजे ग्रुपसारखी जागा) तर तिथेच थांबून विचार करावा. अडचण काढताना येते. ‘ऑथराइज्ड ॲप्स’मधून ॲप काढलं तरी त्याचा बॉट सर्व्हरमध्ये तसाच बसलेला असतो, त्याला सर्व्हरच्या सेटिंग्जमधून वेगळं काढावं लागतं. ज्यांची मुलं गेमिंगसाठी डिस्कॉर्डवर आहेत त्यांनी या दोन्ही जागा एकदा बघून घ्याव्यात.

गुप्ततेचा निकष लावला तर टेलिग्रामवर आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. तिथले साधे चॅट एण्ड-टू-एण्ड एन्क्रिप्टेड नसतात, आणि बॉटला पाठवलेलं सगळं बॉट चालवणाऱ्याच्या सर्व्हरवर जातं. म्हणून आमच्या बॉटकडे फक्त सभासद क्रमांक, पुस्तकाचं नाव आणि परतीची तारीख असते. वैयक्तिक बोलण्यासाठी मी स्वतः अजूनही व्हॉट्सॲपच वापरतो. तुमचं काम बोलण्यापुरतंच असेल तर बदलायचं काही कारण मला दिसत नाही. पण बाहेरचं ॲप जोडायचंच असेल, तर ते टेलिग्रामवर जोडावं आणि व्हॉट्सॲपच्या यादीत स्वतःच्या लॅपटॉपपलीकडे काही ठेवू नये, असं माझं मत झालंय. मोठ्या संस्थेला व्हॉट्सॲपचा अधिकृत एपीआय परवडत असेल तर तिचा हिशेब वेगळा निघू शकेल.

टेलिग्राम घ्यायला तयार नसलेले काही सभासद आहेतच. त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट केली आहे. तीत 256 जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. त्यामुळे नवीन सभासदाचा फॉर्म भरून घेताना वाचनालयाचा नंबर त्याच्या फोनमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून घेतो. त्या यादीला मेसेज मी हाताने टाइप करून पाठवतो.