तांब्याची गोळी: आठ महिन्यांनंतर

एप्रिलमध्ये बार्न्स कंपनीच्या टीटीएसएक्स गोळ्यांची पन्नासची डबी घेतली, आता डिसेंबर आहे. रायफल .308 विन्चेस्टर, मुक्काम विस्कॉन्सिन, शिकार फक्त व्हाइटटेल हरणाची, तीही नोव्हेंबरच्या नऊ दिवसांच्या हंगामात. काडतुसं घरीच, तळघरात भरतो.

गोळी बदलण्याचं कारण स्वयंपाकघरातलं. जुनी 165 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), वर तांब्याचं कवच आणि पोटात शिसं असलेली गोळी नेमाला चोख होती. पण ती हरणाच्या अंगात फुटते आणि शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात जातात. डोळ्याला दिसत नाहीत, खिम्यात दाताखालीही येत नाहीत. 2008 साली नॉर्थ डकोटात गरिबांना वाटायच्या हरणाच्या मांसात असे कण सापडले आणि वाटप थांबवायला सांगितलं गेलं. बायकोने ते वाचलं. "पोरीच्या ताटात शिसं नको. तांब्याची घे, नाहीतर ते मांस घरात आणू नकोस." विषय संपला.

टीटीएसएक्स अख्खी तांब्याची, टोकाला निळं प्लास्टिक. आदळली की चार पाकळ्या उलगडतात आणि वजन जवळपास तेवढंच राहतं. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते आणि काडतुसाच्या पितळी नळकांड्यात दारूची जागा खाते. म्हणून मी 150 ग्रेनवर उतरलो. (180 ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, तेव्हा माझी गोळी दहा मासे भरते. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "सोन्याची आहे का?" भाव बघता तिचं फार चुकलं नाही.)

जुन्या गोळीचं दारूचं माप हिला लावायचं नाही, वजन सारखं असलं तरी. या गोळीसाठी छापलेला तक्ता घ्यायचा आणि खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची. मी किती घालतो ते विचारू नका, सांगणार नाही. तुमची नळी वेगळी.

पहिल्या दिवशी 100 यार्डांवर भोकांचा तीन इंचांचा पसारा. डबी परत करायच्याच बेतात होतो. मग नळी साफ करायला घेतली. तांबं विरघळवणाऱ्या औषधाची चिंधी निळी यायची थांबेपर्यंत दोन संध्याकाळी गेल्या, इतकं जुन्या गोळ्यांचं तांबं आत बसलं होतं. शिवाय मी सवयीने गोळी नळीच्या आतल्या पिळदार आट्यांना जवळजवळ टेकवून बसवत होतो. हिला मोकळी जागा लागते, इंचाच्या विसाव्या भागाएवढी. तेवढी मागे घेतली आणि पसारा सव्वा इंचावर आला.

जुलैतला घोळ मात्र गोळीचा नव्हता. दारू तोलायचा डिजिटल काटा एसीच्या झरोक्याखाली ठेवलेला. एसी सुरू झाला की आकडा पाव ग्रेन इकडेतिकडे सरकायचा, आणि हे मला कळलं वीस काडतुसं भरून झाल्यावर. वीसच्या वीस हातोडीपुलरमध्ये (काडतुसातून गोळी उपटायची हातोडी) घालून जमिनीवर आपटत उघडली. वर बायकोला वाटलं मी फरशी फोडतोय. त्यानंतर जुना दांडीचा काटा आणला. सावकाश आहे, पण वाऱ्याने बहकला तर दांडी डोळ्यांसमोर हलते.

हंगामात एकच मादी मिळाली. 90 यार्ड, फासळ्यांमधून आरपार, चाळीसेक पावलं पळाली. शिशाची गोळी बऱ्याचदा जागेवर बसवायची, ते सुख इथे नाही. पण दोन्ही बाजूंनी रक्त असल्याने माग अंधारातही सापडला. सोलताना भोकाभोवतीचं मांस स्वच्छ निघालं. पूर्वी तिथलं जांभळं झालेलं ओंजळभर कापून टाकावं लागायचं. लांबवर वेग मंदावला की पाकळ्या नीट उघडत नाहीत म्हणतात. मी 200 यार्डांपलीकडे चाप ओढत नाही, तेव्हा त्यावर माझं मत नाही.

घरी भरून पैसे वाचतात असं कोणी सांगितलं तर त्याला प्रेस, डाय (काडतूस भरायचं यंत्र आणि त्याचे साचे) आणि काट्याची पावती दाखवायला सांगा. मी दुसरी डबी मागवली आहे. शिशाच्या ऐंशी गोळ्या उरल्यात, त्या उन्हाळ्यात कागदी निशाणावर संपवीन. त्या तांब्याच्या गोळीपेक्षा दीड इंच वर लागतात, तेवढं लक्षात ठेवायचं.